जमिनीवरचा आवाज

बोलता बोलता मास्तरने चहाचा कप हवेत सोडला.

निसटला नाही, सोडला. गेले कित्येक महिने वर अंतराळ स्थानकात तो जसा डोळ्यांच्या रेषेत, जपून ठेवत आला होता, तसाच त्याने कप समोर ठेवून दिला आणि दोन्ही हातांनी खुर्ची पुढे ओढायला लागला. कपाने क्षणभरही वाट पाहिली नाही. अर्धा चहा मास्तरच्या मांडीवर, उरलेला टेबलापलीकडे बसलेल्या भोंग्याच्या बुटांवर.

"या, बसा," भोंगा म्हणाला. "आमच्याकडे वस्तू खाली पडतात."

एरवी मास्तर हसला असता. आज त्याने खिशातून रुमाल काढला, मांडी पुसली, टेबल पुसलं. भोंग्याच्या बुटांकडे पाहिलंही नाही.

खोली बिनखिडकीची होती. दोन खुर्च्या, एक टेबल, अर्धवट पुसलेला फळा, आणि कोपऱ्यात गळणाऱ्या एसीखाली ठेवलेली बादली. अशाच खोल्यांमध्ये या दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. दोघेही हवाई दलातले टेस्ट पायलट. नवीन विमान सगळ्यांत आधी उडवायचं, ते कुठे आणि कसं दगा देतं ते शोधायचं, आणि खाली येऊन ते सांगायचं, हा धंदा. प्रत्येक उड्डाणानंतर खडू घेऊन सगळ्यांना शिकवायला लागतो म्हणून एकाचं नाव मास्तर पडलं. दुसरा रेडिओशिवाय बोलला तरी धावपट्टीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा, म्हणून भोंगा. दोघांच्या बायकासुद्धा फोनवर हीच नावं घ्यायच्या.

मास्तर चाचणीचं विमान उडवायचा तेव्हा शेजारून दुसऱ्या विमानात भोंगा असायचा. चाचणीच्या विमानाला असा सोबती लागतोच, कारण आत बसलेल्याला आपलं विमान बाहेरून दिसत नाही. सोबत्याचं काम एवढंच: दिसेल ते बोलायचं. लगेच, भीडभाड न ठेवता. "मास्तर, तुझं डावं चाक बाहेर आलंय, उजवं अजून रुसून बसलंय." "मास्तर, पोटाखालून तेल गळतंय. गळतंय म्हणजे नळ सोडलाय." त्या तेलाच्या दिवशी मास्तर खाली उतरला, विमानापासून दूर पळाला, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा विमान पेटलं होतं. त्यानंतर त्याने भोंग्याच्या शब्दावर कधी दुसऱ्यांदा विचार केला नाही. भोंगा म्हणाला डावीकडे, तर हात आधी डावीकडे जायचा आणि डोकं मागून यायचं.

पुढे अंतराळवीर निवडायची वेळ आली तेव्हा त्या स्क्वाड्रनमधून हे दोघेच निवडले गेले. आधी मास्तर वर जाणार, पुढच्या खेपेला भोंगा. तोवर भोंगा खाली माइकवर. कारण वर गेलेल्याशी जमिनीवरून एकच जण बोलतो, आणि तो वर जाऊन आलेला किंवा जाणाराच असावा लागतो. शास्त्रज्ञ, अधिकारी, मंत्री, सगळ्यांनी त्या एका आवाजाच्या मागे उभं राहायचं.

आज सकाळी मोठ्या मॅडमनी मास्तरला बोलावून घेतलं होतं. कोणी कधी उडायचं ते त्या ठरवत.

"भोंग्याच्या सीटवर आज सही करायची आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या कामाबद्दल तुमचं म्हणणं लागेल. त्यानं तुम्हाला वर असताना दगा दिला असं तुम्ही म्हणालात, तर मी सही करणार नाही. चारला येते."

मास्तर तिथून थेट या खोलीत आला होता. काय म्हणायचं ते त्याने जमिनीवर उतरल्यावर डॉक्टरांच्या तंबूत आडवा असतानाच ठरवलं होतं.

"चल," भोंगा म्हणाला. "सांग. टेकलास तिथून."

त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये उड्डाण उलटं सांगायची रीत होती. जमिनीला टेकल्यापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं. सरळ सांगायला लागला की माणूस गोष्ट रचतो, आणि रचलेल्या गोष्टीत सांगणारा हमखास शहाणा निघतो. उलटं सांगताना रचायला जागा मिळत नाही. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, वाद घालायचा नाही. त्याला एकच प्रश्न विचारायची मुभा: त्याच्या आधी?

"आज मी नाही," मास्तर म्हणाला. "तू सांग. मी विचारतो."

"मी कुठे गेलो होतो?"

"तेच सांग."

भोंग्याने पाय टेबलाखाली ओढून घेतले. एसीतून बादलीत पाणी पडत होतं.

"बरं," तो म्हणाला. "तू टेकलास. धक्का जोरात बसला, गवताला थोडी आग लागली, ती विझवली. तुला ओढून बाहेर काढलं. तू म्हणालास मातीचा वास येतोय, आणि ओकलास. मग तंबूत नेलं. डॉक्टर बाजूला झाले. मी वाकलो आणि म्हणालो, ताई गेली."

"नाही. तू म्हणालास, मास्तर, ताई गेली, आता नाही, आधीच."

"हो. तसं."

"पूर्ण सांग."

"मग तू विचारलंस कधी. मी म्हटलं, तू बाहेर जायच्या आधी."

भोंग्याने एवढंच सांगितलं. पुढचं मास्तरला माहीत होतं. ते ऐकून त्याने भोंग्याच्या मुस्काटात मारायला हात उचलू पाहिला होता, आणि हात उचललाच गेला नव्हता. इतके महिने वजनाशिवाय राहिलेला हात शिसं भरल्यासारखा खाटेवर पडून राहिला होता. बोटं तेवढी हलली. भोंग्याला वाटलं, हा हात मागतोय. त्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला, आणि मास्तरला तो सोडवूनही घेता आला नाही.

ताई म्हणजे मास्तरची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील बदलीच्या नोकरीत, त्यामुळे मास्तरला तिनेच वाढवलं, म्हणजे हाणलं, भरवलं आणि शाळेत पोचवलं. ती मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो, त्याच्यावर तिचा पाय आणि शिकणाऱ्याच्या डोक्यावर तिचं तोंड. अर्धं गाव तिच्या शिव्या खात गाडी शिकलं होतं. भाऊ लढाऊ विमानं उडवतो याचं तिला कौतुक होतं, पण ते ती त्याला कळू द्यायची नाही. "त्यात काय रे, बाळ्या? ना क्लच, ना समोरून कोणी येतंय, ना मध्ये कुत्रं." तो अंतराळात गेल्यावर दर रविवारी घरच्यांशी बोलायची सोय होती. त्या दिवशी ती मास्तरच्या बायकोच्या हातातला फोन ओढून घ्यायची आणि पडद्यावर नाक चिकटवून ओरडायची: "अजून लोंबकळतोयसच का? जेवलास का?"

वर जायच्या आधी प्रत्येकाला डॉक्टर दार लावून एक प्रश्न विचारतात. घरी काही वाईट घडलं तर तुम्हाला सांगायचं का? बरेच जण नको म्हणतात. मास्तरने प्रश्न पुरा होऊ दिला नव्हता. "सांगायचं. लगेच. मी दाराबाहेर लोंबकळत असलो तरी." बाहेर येऊन त्याने ते भोंग्यालाही सांगितलं होतं, आणि भोंगा म्हणाला होता, "अर्थात. मी कशाला आहे?"

"त्याच्या आधी?" मास्तरने विचारलं.

त्याच्या आधी

"त्याच्या आधी रोज सकाळी तुझ्याशी बोललो," भोंगा म्हणाला. "दिवसाची कामं सांगितली. खालची हवा सांगितली. जोक सांगितले."

"रोज?"

"रोज एक. पहिल्यापासूनच सांगत होतो ना, थांबवले असते तर तुला संशय आला असता."

"विमा एजंटचा?"

"तोही."

"शेळी आणि न्यायाधीशाचा?"

भोंगा टेबलाच्या कडेचा सुटलेला पत्रा अंगठ्याने दाबत राहिला. "ते माझे नव्हते, मास्तर. मला सुचेनात. बायको रात्री शोधून ठेवायची, मी सकाळी वाचायचो."

मास्तरला शेळीचा जोक आठवला. त्या जोकला तो इतका हसला होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि वर पाणी गालावरून ओघळत नाही, डोळ्यावरच फुग्यासारखं साठून राहतं, म्हणून सोबतच्या इंजिनीअर पोरीने टॉवेलने टिपून दिलं होतं. तिलाही ठाऊक होतं. तिला मॅडमनी वेगळ्या लाइनवर सांगून ठेवलं होतं. म्हणजे तिघे एकमेकांना सांभाळत होते आणि चौथा शेळीला हसत होता.

"आणि इकडे?" त्याने विचारलं. हा प्रश्न रीतीत बसत नव्हता, तरी विचारला.

"इकडे सगळं शनिवारीच उरकलं. बरीच माणसं होती. तिच्या हाताखाली शिकलेले होते सगळे, गाड्या लावायला जागा नव्हती, पण एकाचीही तिरकी लागली नव्हती." भोंगा ओठांच्या कोपऱ्यात हसला आणि लगेच थांबला. "तुझ्या वाटचं मी केलं."

"माझ्या वाटचं."

"कोणीतरी करायला हवं होतं ना रे."

मास्तरने मान खाली घातली. हे त्याला बायकोने सांगितलं नव्हतं. बायकोशी तो आल्यापासून एकदाच बोलला होता, तेही उभ्याउभ्या, म्हणजे ती उभी आणि तो भिंतीला धरून.

"तुला विचारलं होतं त्यांनी?" त्याने विचारलं होतं.

"विचारलं. मी म्हटलं, नका सांगू."

"मी सांगा म्हटलं होतं."

"तू डॉक्टरांना म्हटलं होतंस. मला विचारलं होतंस का, की बाई गं, वेळ आली तर ते तोंडातून कुणी काढायचं? तू वर, दोरीला टांगलेला, आणि मी खाली फोनवर?" तिने त्याच्या चपला त्याच्या पायाशी सरकवल्या, वाकताना त्याला चक्कर येते म्हणून. "मला तुझ्यावर चिडायचंही आहे. पण आधी तू नीट चालायला लाग."

 बायकोशी भांडायला दोन पाय तरी ताठ लागतात.

पण भोंग्याचं तसं नव्हतं. बायको बायको असते. तिचं काम त्याला जिवंत पाहणं. भोंग्याचं काम दिसेल ते बोलणं. तेवढंच. जन्मभर तेवढंच.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी

"सोमवार. तू बाहेर होतास. दिवसभर."

इथे भोंग्याचा आवाज बदलला, आणि मास्तरला राग आला, कारण त्याच्या स्वतःच्या अंगावरही काटा आला.

स्थानकाचा थंडावा टिकवणारा पंप बिघडला होता. तो बाहेरच्या अंगाला होता. कुणीतरी बाहेर पडून, दोरीला बांधून घेऊन, तो काढून नवा बसवायला हवा होता. स्पेसवॉक. सगळी कारकीर्द मास्तर ज्या एका गोष्टीसाठी थांबला होता ती गोष्ट. विमानात माणूस डब्यात बसून उडतो, यानातही डब्यातच. बाहेर पडलं की पहिल्यांदा डबा नसतो.

"तू पहिले दोन बोल्ट काढलेस आणि बोलायचा थांबलास," भोंगा म्हणाला. "मी विचारलं, काय झालं. तू म्हणालास, काही नाही, बघतोय."

"हो."

"मी म्हटलं, बघून घे. मॅडम मागून खुणा करत होत्या, वेळ जातोय म्हणून. मी त्यांच्याकडे पाठ केली."

तेव्हा पायाखाली समुद्र होता. ढगांच्या सावल्या पाण्यावर पडलेल्या दिसत होत्या. मास्तरला तेव्हा वाटलं होतं की एवढं पाहिल्यावर आता पुढे काही नाही झालं तरी चालेल. आणि कानात भोंगा होता: डावीकडचा बोल्ट, मास्तर. आता हात बदल. घाई नको. पाणी पी. दिवसभर, एखाद्या आईसारखा. पंप बसला तेव्हा खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांच्या वर भोंग्याची शिट्टी ऐकू आली.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस होता तो," मास्तर म्हणाला. "आता आठवला की मला त्याच्यात तू दिसतोस. सगळं माहीत असून शिट्टी वाजवणारा."

"हो," भोंगा म्हणाला.

"एवढंच? हो?"

"तू विचारायचं असतं, मास्तर. भांडायचं नसतं."

 रीत त्याचीच होती. नव्या पोरांना ती तोच शिकवायचा.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी

"त्याच दिवशी सकाळी," भोंगा म्हणाला, आणि खुर्चीत पुढे सरकला. आता तो मास्तरकडे सरळ पाहत होता. "तू सूट घालून दारापाशी. दार अजून बंद. मॅडम माझ्या मागे, हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. त्यांनी मला बजावलं होतं, तू खाली आल्यावरच सांगायचं. आधी सांगितलं तर डॉक्टर तुला बाहेर जाऊ देणार नाहीत, ती पोरगी जाईल, आणि तिचा सराव तुझ्याइतका नाही. मी म्हटलं, त्यानं सांगा म्हटलंय. त्या म्हणाल्या, उत्तर त्याचं असेल, उड्डाण माझं आहे."

"आणि तू मान डोलावलीस."

"डोलावली. पण आतून ठरवलं होतं की फसवायचं नाही. ताई शनिवारी गेली, रविवारी तू घरी बोललास, तेव्हा ती नव्हती. तुझ्या बायकोने सांगितलं, घसा बसलाय. मला वाटलं, हा काय लहान आहे? ह्याला वास आलाच असेल. तसा वास आला असेल तर सांगून टाकायचं. मॅडम, सीट, सगळं गेलं खड्ड्यात. म्हणून तपासणीची यादी वाचून झाल्यावर मी तुला विचारलं, आणखी काही? आणि थांबलो. आठवतं? मी कधी थांबतो का? मी थांबलो. मॅडमनी खुर्ची हलवली तरी थांबलो."

मास्तरला आठवत होतं. हेडफोनमध्ये खरखर नव्हती, कुणाचा खोकला नव्हता. भोंगा गप्प, ही गोष्ट इतकी नवलाची होती की ती एखाद्या उघड्या दारासारखी समोर उभी राहिली होती.

"तू म्हणालास, नाही, दार उघडतोय," भोंगा म्हणाला. "आणि तुझा आवाज स्वच्छ होता. एवढासाही ओरखडा नाही. इतकी वर्षं हा आवाज ऐकतोय मी, मास्तर. तू घाबरलास की मला तुझ्या आधी कळतं. तुला काही माहीत असतं तर मला ऐकू आलं असतं. मी म्हटलं, नाही, ह्याला काही म्हणजे काही माहीत नाही. खुशीत आहे. जाऊ दे त्याला. नंतर शिव्या देईल." त्याने हात पसरले. "म्हणून गप्प बसलो. मॅडमसाठी नाही. तुझ्या आवाजावर गप्प बसलो. चूक असेल तर आहे."

बादली भरत आली होती. पाणी पडल्याचा आवाज आता उथळ येत होता. भोंगा वाट पाहत राहिला.

"विचार की," तो म्हणाला.

मास्तरने विचारलं नाही.

कारण त्याच्या आधी

त्याच्या आधी रविवार होता, आणि रविवारी भोंगा नव्हता. तिथे मास्तर एकटाच होता.

पडद्यावर बायको आली. फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता. रविवारी फोन तिच्या हातात कधी राहायचाच नाही, म्हणून तो कसा धरायचा हेच ती विसरली असावी, इतका घट्ट धरला होता. ती म्हणाली, ताईचा घसा बसलाय, आज बोलणार नाही.

मास्तर म्हणाला, "चला, देव पावला. पहिल्यांदाच बसला."

बायको हसली. ते हसू पडद्यावर एक क्षण जास्त थांबलं.

घसा बसला तरी तोंड असतं. ताईचा घसा बसला असता तर तिने पडद्यावर येऊन हातवारे केले असते, मूठ दाखवली असती, पाटीवर लिहून शिव्या दिल्या असत्या. मास्तरच्या ओठांवर आलं होतं: मग नुसतं तोंड तरी दाखवायला सांग. शब्द तयार होते, जीभ टाळ्याला लागली होती. तेव्हा त्याची नजर बायकोवरून सरकली. दाराशी त्याचा सूट टांगलेला होता, बाहेर जायचा, पांढरा, तपासून तयार, हात पुढे करून उभा असल्यासारखा. उद्या सकाळी त्यात कुणीतरी शिरणार होतं. मास्तर, नाहीतर इंजिनीअर पोरगी. तिचाही सूट शेजारीच होता.

तो पुन्हा बायकोकडे वळला.

"गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग," तो म्हणाला. "मीठ घालून."

"सांगते," बायको म्हणाली.

मग ते दोघं गच्चीच्या गळतीबद्दल बोलले. गळती कुठून होते, कुणाला बोलवायचं, त्याने काय भाव सांगितला. मास्तरने बारीकसारीक प्रश्न विचारले. एवढा रस त्याने गच्चीत कधी घेतला नव्हता.

आणि आवाज? विमान जितकं वाईट वागेल तितका आवाज सपाट ठेवायचा, हे तो नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचा. भोंग्याला त्याची भीती ऐकू यायची हे खरं होतं. पण भीती वेगळी. त्या सकाळी मास्तर घाबरला नव्हता. त्याला बाहेर जायचं होतं.

मॅडम दार न वाजवता आत आल्या. त्यांच्या हातात पातळ फाइल होती आणि काखेत चष्म्याचं घर. त्यांनी ओलं टेबल पाहिलं, भोंग्याचे बूट पाहिले, आणि उभ्याच राहिल्या.

"झालं का तुमचं उलटंपालटं?"

"झालं," मास्तर म्हणाला.

"मग? सही करू की नको?"

भोंग्याने फळ्याकडे पाहायला सुरुवात केली. फळ्यावर जुन्या कुणाच्या तरी उड्डाणाचे बाण होते. मास्तरला दिसलं की तो श्वास धरून बसलाय. छाती हलत नव्हती. या माणसाने सीटसाठी इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि तो एक शब्द मागत नव्हता.

"करा," मास्तर म्हणाला. "सीट त्याची."

मॅडमनी फाइल भिंतीला टेकवून सही केली. भोंग्याने श्वास सोडला तो थेट खोलीभर ऐकू आला.

"वर जाऊन तरी जरा हळू श्वास घ्या," मॅडम म्हणाल्या. "आणि माइकवर तुम्ही, मास्तर. त्यानं तुमचंच नाव दिलंय. दुसरं कुणाचंच दिलेलं नाही."

"मी सांगणारच होतो," भोंगा म्हणाला. "सही झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर लाडीगोडी वाटली असती."

"डॉक्टरांच्या प्रश्नालाही याने काय उत्तर दिलंय माहीत आहे?" मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला.

"मॅडम, ते खासगी असतं."

"असतं. म्हणाला, काहीही झालं तरी मला सांगू नका. फक्त माइकवर मास्तर असू द्या. त्याच्या आवाजावरून मला काय ते कळेल, आणि ऐकायचं नसेल तर मी विचारणार नाही." त्या मास्तरकडे वळल्या. "डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं हा प्रश्न विचारतोय, पण असं उत्तर कुणी दिलं नव्हतं."

भोंग्याचे कान लाल झाले होते. "माझी आई आता थकलीये," तो म्हणाला, कुणाकडेच न पाहता. "म्हणून आपलं."

मास्तरने दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. इथे हात ठेवले की ते राहतात, याची सवय व्हायची होती.

"मी माइकवर नाही बसणार," तो म्हणाला.

मॅडम थांबल्या. भोंगा आधी हसला, मग हसायचा थांबला.

"राग आहे ना अजून? असू दे," तो म्हणाला. "मी कुठे म्हणतोय जाऊ दे म्हणून? रागावलेला चालशील. शिव्या घालत बस दिवसभर. जोक नकोत, काही नको. पण तूच बस रे."

"राग नाही."

"मग?"

"कारण द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "मला तिथे काहीतरी लिहावं लागतं."

मास्तर उठला. उठताना खोली थोडी फिरली, तेव्हा त्याने खुर्चीची पाठ धरली. भोंगा सवयीने आधार द्यायला पुढे झाला होता आणि त्याचा हात मास्तरच्या कोपरापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला होता.

"लिहा, की त्याला वाटतं माझा आवाज त्याला कळतो."

मॅडम पेन धरून राहिल्या. "हे काय कारण झालं?"

मास्तर भोंग्याकडे पाहत होता. इतक्या जवळून, इतक्या सरळ त्याने आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"त्या सकाळीही त्याला तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

मॅडमनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. त्यांना काही उमगलं नाही, किंवा उमगून त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. भोंग्याचा हात अजून तिथेच होता, हवेत, धरायलाही नाही आणि सोडायलाही नाही. मग तो हळूहळू खाली गेला. त्याने काहीतरी मनात मागे मागे जाऊन पाहिलं असावं. डोळे तसे हलत होते. गच्ची, गुळण्या, दार उघडतोय. हे सगळं त्याला ठाऊक नव्हतं, पण जेवढं होतं तेवढं पुरलं असावं.

तो मॅडमकडे वळला. बोलला तेव्हा त्याचा आवाज दाराच्या बाहेरही गेला नसेल.

"डॉक्टर असतील का अजून खाली?" त्याने विचारलं. "मला माझं उत्तर बदलायचंय."